‘दीज काइंड ऑफ मँगोज’ आणि आठ रविवार: एका इंग्रजी लेखनवर्गाचे परीक्षण

तारकर्लीच्या रस्त्याला, माडांच्या बागेत आमच्या निवास-न्याहारीच्या दोन खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी सूचनापत्र टांगलेले असते. ते मीच चार वर्षांपूर्वी लिहिले होते. गेल्या डिसेंबरात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील दहावीच्या मुलीने त्यावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. ‘धिस टॉवेल्स आर फॉर द बीच’ या ओळीतील ‘धिस’ खोडून तिने ‘दीज’ लिहिले. ती चूक उघडच होती आणि चार वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली होती, याची मला लाज वाटली. दुसरी ओळ होती ‘वी कुक दीज काइंड ऑफ फिश एव्हरी डे’. तिच्यापुढे मात्र मुलीने काही न खोडता नुसते प्रश्नचिन्ह काढले होते. निघताना मी तिला त्याबद्दल विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काकी, शाळेत टीचर हे चूक म्हणतात, पण बाबांच्या ऑफिसातले इंग्लंडचे लोक फोनवर असंच बोलतात. मग मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.”

त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळेल या आशेने मी फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यात भरलेल्या एका इंग्रजी लेखनवर्गाला नाव घातले. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे मला काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि शिकवणारे सर माझ्या ओळखीचे व वयाने मोठे आहेत. ज्यांना या किनाऱ्यावर असा वर्ग लावायचा आहे, त्यांना नावाशिवायही हे परीक्षण उपयोगी पडावे.

वर्ग आठ रविवारांचा, सकाळी दहा ते साडेबारा. शुल्क 2,400 रुपये, त्यात चौसष्ट पानांची एक पुस्तिका आणि मधल्या सुटीतला चहा धरलेला. जागा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची, दोन पंख्यांची. मार्चमध्ये त्या दोन पंख्यांनी भागत नाही. आम्ही अठरा जण होतो: खोल्या भाड्याने देणारे सात-आठ, आंब्याची कलमे असलेले चौघे, वेंगुर्ल्याकडचे एक काजू कारखानदार, एक खानावळवाल्या बाई आणि माझा भाचा धरून तीन मुले स्कूबाच्या बोटींवर काम करणारी. जाहिरातीत लिहिले होते, ‘पाट्या, मेनू, लेबले, बुकिंगची पत्रे: तुमच्या धंद्याचे इंग्रजी’. हे वचन वर्गाने बऱ्याच अंशी पाळले. आम्हाला इतरांच्या गोष्टी वाचायला लावण्याऐवजी आमच्याच पाट्यांचे आणि पत्रांचे फोटो सरांनी पडद्यावर लावले. इतका रोकडा अभ्यासक्रम मी तरी यापूर्वी पाहिला नव्हता.

पहिला आणि सातवा असे दोन रविवार ‘धिस, दॅट, दीज, दोज’ या चार शब्दांना दिलेले होते. आठांतले दोन रविवार चार शब्दांवर खर्च करणे अनेकांना उधळपट्टी वाटली. आमच्या पाट्यांवरच्या निम्म्या चुका याच चार शब्दांच्या आसपास होत्या, त्यामुळे मला तसे वाटले नाही. म्हणून या परीक्षणात मी तेवढाच भाग तपासते. बाकीचे सहा रविवार ठीक होते, एवढे म्हणून पुरे.

पहिल्या रविवारी सरांनी टेबलावर एक नारळ जवळ आणि एक लांब ठेवला, मग जवळ चार आणि लांब चार ठेवले. जवळचा एक ‘धिस’, लांबचा एक ‘दॅट’, जवळचे अनेक ‘दीज’, लांबचे अनेक ‘दोज’. हे सगळ्यांना शाळेपासून येत होते आणि सगळ्यांनी बिनचूक उत्तरे दिली. तरीही अर्ध्या तासाने लिहायला दिलेल्या पाच वाक्यांत अठरांपैकी अकरा जणांनी कुठे ना कुठे ‘धिस कोकोनट्स’ किंवा ‘दीज कोकोनट’ लिहिले. सरांनी त्याचे कारण ‘लक्ष नसणे’ असे सांगितले. हे निदान मला पटले नाही, आणि वर्गाची सर्वांत मोठी उणीव मला येथेच दिसली: ही चूक आम्ही मराठीतून आणतो, आणि पुस्तिकेच्या चौसष्ट पानांत मराठीचा उल्लेख कोठेही नाही.

मराठीत आपण ‘हा नारळ’ म्हणतो आणि त्याचे अनेकवचन ‘हे नारळ’ करतो. पण ‘हे शहाळे’ म्हटले की तेच ‘हे’ एकवचनी होते आणि त्याचे अनेकवचन ‘ही शहाळी’ असे होते. आता ‘ही शहाळी’मधली ‘ही’ अनेकवचनी असली, तरी ‘ही होडी’मधली ‘ही’ एकवचनी आहे आणि तिचे अनेकवचन ‘ह्या होड्या’. म्हणजे ‘हे’ आणि ‘ही’ हे दोन्ही शब्द मराठीत कधी एकाला लागतात, कधी अनेकांना. आपण लिंग आणि नाम पाहून क्षणात ओळखतो, पण इंग्रजीत लिहिताना मनात आधी ‘हे’ उमटते आणि त्या ‘हे’वरून ‘धिस’ घ्यावे की ‘दीज’ हे कळायला काही मार्ग राहत नाही. विभक्ती लागली की तर सगळाच भेद पुसला जातो: ‘या टॉवेलला’, ‘या टॉवेलांना’, ‘या होडीत’, ‘या होड्यांत’, सगळीकडे एकच ‘या’. माझ्या सूचनापत्रावरचे ‘धिस टॉवेल्स’ बहुधा ‘या टॉवेलांचा वापर’ अशा एखाद्या मनातल्या वाक्यातूनच उतरले असावे.

त्यात आदरार्थी अनेकवचनाची भर आहे. ‘हे माझे वडील’ हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे, की एका सहाध्यायाने ओळख करून देताना ‘दीज आर माय फादर’ असे लिहिले आणि वर्ग हसला. मराठीच्या हिशेबाने त्याचे काहीच चुकले नव्हते. (आमच्या घरी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना मी नवऱ्याची ओळख ‘आमचे हे’ याचे शब्दशः भाषांतर करून दिली, तर काय होईल, हा विचार मला तेव्हा सुचला.) इंग्रजीने हे सगळे ओझे केव्हाच उतरवून ठेवले आहे. जुन्या इंग्रजीतही दर्शक शब्द लिंगाप्रमाणे बदलत असत. आज फक्त वचन उरले आहे. तेही कसे, तर ‘गुड मँगो’, ‘गुड मँगोज’ यात विशेषण जराही हलत नाही, मात्र त्याच जागी ‘धिस’ असेल तर त्याचे ‘दीज’ करावे लागते. नामाच्या आधी येऊन त्याच्या वचनाप्रमाणे स्वतःचे रूप बदलणारे इंग्रजीत हे दोनच शब्द उरले आहेत, ‘धिस’ आणि ‘दॅट’. हे एवढे सांगितले असते, तर अकरांतले सात-आठ जण तरी पहिल्याच दिवशी सुधारले असते. मी मधल्या सुटीत सरांना तसे म्हटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण वर्गात मराठी आणली की मुलं मराठीतच राहतात.” अठरांपैकी एकही ‘मूल’ तिशीच्या आतले नव्हते, स्कूबावाली तीन सोडून.

सातव्या रविवारपर्यंत मार्च संपत आला होता आणि टेबलावर नारळांच्या जागी हापूसची एक पेटी आली होती. देवगडच्या एका सहाध्यायाने ती आणली होती. शेजारी कोणी तरी परसातल्या रायवळच्या चार-पाच कैऱ्या ठेवल्या. ‘काइंड’, ‘सॉर्ट’ आणि ‘टाइप’ या तीन शब्दांबरोबर दर्शक शब्द कसा वापरावा, हा त्या दिवसाचा विषय होता. माझे प्रश्नचिन्ह तेथेच होते, म्हणून मी पहिल्या बाकावर बसले.

पुस्तिकेच्या तेविसाव्या पानावर एक तक्ता आहे. त्यात ‘दीज काइंड ऑफ मँगोज’पुढे लाल फुली आणि ‘दीज काइंड्स ऑफ मँगोज’पुढे हिरवी खूण आहे, आणि खाली एका ओळीचे स्पष्टीकरण: ‘काइंड’ एकवचनी, म्हणून त्याला ‘दीज’ लागत नाही. सरांनी हे समजावताना पेटीतले हापूस एका बाजूला आणि कैऱ्या दुसऱ्या बाजूला केल्या. हापूस हा एक प्रकार, म्हणून ‘धिस काइंड’. रायवळ हा दुसरा प्रकार, तो लांब, म्हणून ‘दॅट काइंड’. दोन्ही मिळून ‘दीज टू काइंड्स’. पेटीत आंबे चार डझन असोत की पाच, ते मोजायचे नाहीत, प्रकार मोजायचे. ही मांडणी फार नेटकी होती. ‘दीज’ हा शब्द आंब्यांच्या संख्येकडे पाहत नाही, आपल्या लगेच पुढे उभ्या असलेल्या ‘काइंड’कडे पाहतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसले. वर्गाच्या बाजूने सांगायची सर्वांत चांगली गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी ती पेटी सांगेन.

खरे तर मराठीही हाच हिशेब करते, फक्त आपल्याला तो जाणवत नाही. ‘या प्रकारचे आंबे’ म्हटले की प्रकार एक आणि आंबे पुष्कळ. ‘या प्रकारांचे आंबे’ म्हटले की प्रकारही अनेक. भेद आपण ‘या’मध्ये न दाखवता ‘प्रकारचे’ आणि ‘प्रकारांचे’ यांत दाखवतो. म्हणून मराठी माणसाने मनातल्या वाक्यात ‘प्रकारचे’ आहे की ‘प्रकारांचे’ एवढेच पाहावे: पहिले असेल तर ‘धिस काइंड’, दुसरे असेल तर ‘दीज काइंड्स’. ही युक्ती मी भाच्याला सांगितली, आणि त्याने त्या दिवशीच्या दहा वाक्यांत एकही चूक केली नाही. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ती घातली तर माझी हरकत नाही.

पण त्यानंतर जो वाद झाला, त्यात वर्ग कमी पडला. भाच्याने विचारले, “सर, आमच्याकडे डायव्हिंगला येणारे इंग्लिश लोक ‘दीज काइंड ऑफ फिश’ असंच म्हणतात. मग ते चुकतात का?” सरांचे उत्तर होते, “हो, चुकतात. आपण मुंबईत जाऊन मराठी ऐकतो, तिथले लोक चुकत नाहीत का?” मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय तेथेच संपला. विषय तेथे संपायला नको होता, कारण वस्तुस्थिती त्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे. हा प्रयोग आजकालच्या बेपर्वाईतून आलेला नाही. 1608 मध्ये प्रथम छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात राजाचा जावई असलेला कॉर्नवॉलचा ड्यूक ‘दीज काइंड ऑफ नेव्ह्ज’ असेच म्हणतो. तो रस्त्यावरचा कोणी अडाणी नाही. 1926 मध्ये हेन्री फाउलर यांनी इंग्रजी शब्दप्रयोगांचा जो प्रसिद्ध कोश केला, त्यात त्यांनीही या प्रयोगाला फासावर चढवलेले नाही. छापील मजकुरात तो टाळणे सोपे आहे आणि तेथे टाळावा, घाईच्या बोलण्यात मात्र तो क्षमा करण्याजोगा आहे, असा त्यांचा समंजस निवाडा होता. शंभर वर्षांनीही त्यात मला काही बदल करावासा वाटत नाही.

हा प्रयोग इंग्रज माणसाच्या तोंडी का येतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. ‘दीज काइंड ऑफ मँगोज’ म्हणणाऱ्याच्या मनात प्रकार नसतो, आंबे असतात. त्याच्या लेखी ‘काइंड ऑफ’ हे दोन शब्द मिळून आपल्या ‘असले’सारखे विशेषणच झालेले असते. ‘हे असले आंबे’ यात ‘हे’ आंब्यांना लागते, ‘असले’ मध्ये बसते. तसेच ‘दीज’ आंब्यांना लागते आणि ‘काइंड ऑफ’ मध्ये बसते. तर्क चुकीचा नाही; फक्त लिहिताना ‘काइंड’ हा शब्द उघड एकवचनी रूपात समोर दिसतो आणि वाचणाऱ्याला तो खुपतो. म्हणून पाटीवर, मेनूवर, लेबलावर आणि परीक्षेत ‘दीज काइंड ऑफ’ लिहू नये. पाहुणा तसे बोलला तर त्याची चूक काढू नये, आणि आपल्या तोंडून गेले तरी ओशाळू नये. हे तीन वाक्यांत सांगता आले असते. त्याऐवजी पुस्तिकेतली लाल फुली सगळ्यांच्या मनावर उमटली, आणि पुढच्याच आठवड्यात स्कूबाच्या एका मुलाने मँचेस्टरच्या एका पाहुण्याला भर बोटीत त्याचीच भाषा सुधारून दिली. पाहुणा हसला, असे भाचा सांगतो. बक्षिशी नेहमीपेक्षा कमी आली, असेही सांगतो.

पुस्तिकेतल्या एका फुलीला तर मुळीच आधार नाही. चोविसाव्या पानावर ‘दीज वन्स’ आणि ‘दोज वन्स’ दोन्ही चूक ठरवले आहेत, आणि कारण दिले आहे की ‘वन’ म्हणजे एक, त्याच्याआधी अनेकवचनी शब्द येणार कसा. हे कारण देणाऱ्याने ‘वन्स’मधला ‘स’ पाहिलेलाच नाही. ‘वन’चे ‘वन्स’ झाले की ते अनेकवचन झाले. ‘द राइप वन्स’ म्हणजे पिकलेले, हे त्याच पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर बरोबर म्हणून छापले आहे. ‘दीज राइप वन्स’ला, म्हणजे मध्ये विशेषण आले तर, कोणीच हरकत घेत नाही. विशेषणाशिवायचे नुसते ‘दीज वन्स’ मात्र काही चोखंदळ लोकांना, विशेषतः अमेरिकेत, खटकते. कारण ‘दीज’ एकट्यानेच काम होत असेल, तर ‘वन्स’ कशाला, एवढाच त्यांचा आक्षेप असतो. ब्रिटनमध्ये बोलताना ते सर्रास वापरतात. लिहिताना एक शब्द वाचवावा हे मला मान्य आहे. शब्द जास्त असणे आणि व्याकरण चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण ‘हे द्या, ते नकोत’ यात नामाची उणीव भासत नाही. (मुंबईहून आलेले पाहुणे हल्ली पेटीवर बोट ठेवून ‘हेवाले द्या’ म्हणतात. त्यांना ‘दीज वन्स’ शिकवायची गरज पडणार नाही.)

हा मुद्दा माझ्या मनात राहण्याचे कारण असे की शेवटच्या दिवशीच्या चाचणीत चौदावा प्रश्न ‘आय वाँट दोज वन्स’ बरोबर की चूक असा होता. मी बरोबर लिहिले आणि माझा एक गुण गेला. मी शांतपणे आक्षेप नोंदवला. सरांनी ‘पाहतो’ म्हटले. प्रमाणपत्रावर अजून पंचविसांपैकी बाविसच आहेत. चौदावा सोडून गेलेले दोन गुण माझेच होते, त्याबद्दल तक्रार नाही.

याउलट, ज्या चुका निखालस आपल्या आहेत आणि इंग्रज माणूस कधीच करत नाही, त्यांच्याबद्दल पुस्तिका गप्प आहे. ‘हे सगळे आंबे’चे आपण ‘दीज ऑल मँगोज’ करतो, ‘हे दोन्ही रस्ते’चे ‘दीज बोथ रोड्स’ आणि ‘ह्या आमच्या खोल्या’चे ‘दीज अवर रूम्स’. मराठीत दर्शक शब्द रांगेत पहिला उभा राहतो आणि बाकीचे त्याच्यामागे. इंग्रजीत ‘ऑल’ आणि ‘बोथ’ हे दोघे ‘दीज’च्याही पुढे घुसतात: ‘ऑल दीज मँगोज’, ‘बोथ दीज रोड्स’. आकडा मात्र आपल्यासारखाच मागे राहतो, म्हणून ‘दीज टू रोड्स’ बरोबर. आणि ‘माय’, ‘अवर’ हे शब्द आजच्या साध्या इंग्रजीत ‘दीज’शेजारी बसायलाच तयार नसतात. एक तर ‘अवर रूम्स’ म्हणा, नाहीतर ‘दीज रूम्स ऑफ अवर्स’ असा वळसा घाला. वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांच्या पाकिटावर ‘दीज अवर कॅश्यूज आर रोस्टेड फ्रेश’ अशी ओळ होती आणि ती पडद्यावर आली तेव्हा सरांनी तिच्यातले ‘दीज’ खोडले, पण का खोडले ते सांगितले नाही. ते गृहस्थ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “माझे काजू माझे नाहीत की हे नाहीत?” दोन हजार पाकिटे छापून झालेली होती, म्हणून त्यांचा प्रश्न थट्टेचा नव्हता. ‘दीज आर ऑल फ्रेश’ यात ‘ऑल’ मागे का चालते, हाही प्रश्न आला. तेथे ‘दीज’ नामाला चिकटलेले नसून स्वतःच वाक्याचा कर्ता आहे आणि ‘ऑल’ क्रियापदानंतर येते, हे मी त्यांना फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दाखवले. सर चहा घेत होते.

‘जोडीच्या वस्तू’ हे प्रकरण पुस्तिकेत चांगले आहे. आपण ‘हा चष्मा’, ‘ही कात्री’, ‘हा गॉगल’ म्हणतो. इंग्रजीत एकच असला तरी ‘दीज गॉगल्स’, ‘दोज सिझर्स’. एक असल्याचे सांगायचेच असेल, तर ‘धिस पेअर ऑफ’ लावावे. भाच्याच्या बोटीवरचा फलक येथे कामी आला. त्यावर ‘दीज इक्विपमेंट्स’ होते, आणि ते आमच्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बोटीवर असते. ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘न्यूज’ यांना इंग्रजी मोजत नाही, म्हणून ‘धिस इक्विपमेंट’. ‘न्यूज’च्या शेवटच्या ‘ज’ने फसू नये. ‘फिश’चे उलटे आहे: रूप तेच राहते पण मोजता येते, म्हणून ‘धिस फिश’ एका बांगड्याला आणि ‘दीज फिश’ पाटीभर बांगड्यांना. हा भाग सरांनी झकास शिकवला, आणि त्या दिवशी खानावळवाल्या बाईंनी मेनूवरच्या सहा दुरुस्त्या तेथल्या तेथे केल्या.

पैशांबाबत मात्र पुस्तिकेत पुन्हा घोटाळा आहे. रुपये अनेक म्हणून नेहमी ‘दोज’, असे तीत म्हटले आहे. रक्कम एकगठ्ठा धरली की इंग्रजी तिला एकवचनी वागवते: ‘दॅट फाइव्ह थाउजंड रुपीज वॉज द अ‍ॅडव्हान्स’. बुकिंगची पत्रे लिहिणाऱ्यांना ही गोष्ट रोज लागते. टेबलावर पडलेल्या सुट्या नाण्यांकडे बोट दाखवताना ‘दोज’ ठीक.

आता हिशेब. सरांची तळमळ, स्वतःच्या पाट्यांवर काम करायला लावण्याची पद्धत आणि टेबलावरची पेटी, यांसाठी मी पाचांपैकी चार द्यायला तयार होते. पुस्तिकेतल्या तेवीस-चोवीस या पानांसाठी आणि मराठीला दाराबाहेर ठेवल्याबद्दल अर्धा कापते. सहावा आणि आठवा रविवार एकत्र उरकून एक सकाळ खाल्ली, त्याची भरपाई दिली नाही, त्याबद्दल आणखी अर्धा. तीन उरतात. 2,400 रुपयांत मला ते महाग वाटले नाही. ज्यांना शाळेचे इंग्रजी बऱ्यापैकी आठवते आणि फक्त धंद्याची कागदपत्रे नीट करायची आहेत, त्यांनी हा वर्ग लावावा. ज्यांना ‘का’ हा प्रश्न पडतो, त्यांनी लावताना वहीबरोबर थोडा संयमही न्यावा.

माझ्या सूचनापत्राची दुसरी ओळ मी शेवटी अशी केली: वर बांगडा, सुरमई, पापलेट आणि कोळंबी यांची नावे लिहिली आणि खाली ‘वी कुक दीज एव्हरी डे’. ‘काइंड’ काढूनच टाकला. मला ‘हे मासे आम्ही रोज करतो’ एवढेच म्हणायचे होते आणि त्यात प्रकाराचा प्रश्न कधी नव्हताच. नवे पत्र टांगताना शेजारची काकू खळ्यातून डोकावून म्हणाली, “आता ह्या काय लिवतास?” मी म्हटले, “ह्यांच!” तिला काही कळले नाही.

पुढचा वर्ग दसऱ्यानंतर सुरू होतो असे कळते. नाव घालण्याआधी पुस्तिका मागून घ्या आणि चोविसाव्या पानावरची ती फुली अजून आहे का, तेवढे पाहा.